बाबांच्या स्टेम सेलच्या पिशवीत कॅन्सरच्या पेशी असल्या तर?

रानपाखरू (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर सापडते. आज काम वेगळं आहे.

बाबा ६२ वर्षांचे. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी गेली, त्यामुळे पाठ दुखते हे आमच्या घरात दुखणं मानलंच जायचं नाही. गेल्या वर्षी मणका दबलेला निघाला आणि तपासण्या करत करत गाडी मल्टिपल मायलोमापर्यंत, म्हणजे हाडांच्या मज्जेतल्या एका रक्ताच्या कॅन्सरपर्यंत, पोचली. पाच महिने औषधं झाली. आजार बऱ्यापैकी आटोक्यात आला आहे. आता ट्रान्सप्लांट करायचं ठरलंय, ऑटोलोगस. म्हणजे बाबांच्याच रक्तातून स्टेम सेल (नवं रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) काढून पिशवीत ठेवायच्या, मग मेल्फालॅन या केमोच्या औषधाचा जबर डोस द्यायचा आणि त्याच पेशी परत चढवायच्या.

हे ऐकल्यावर बाबांनी विचारलं, "माझ्याच रक्तातून काढणार आणि मलाच देणार. नासक्या दुधाचं विरजण लावून दही चांगलं कसं लागेल?"

मला उत्तर देता आलं नाही. ओपीडीत डॉक्टरांना विचारलं, तर "त्याची गरज नसते" एवढंच म्हणाले. बाहेर चाळीस पेशंट बसले होते, त्यांनाही दोष देत नाही. पण तेवढ्यात एका नातेवाइकाने एका मध्यस्थाचा नंबर दिला. तो म्हणतो, परदेशात 'प्युरिफाइड स्टेम सेल'वालं ट्रान्सप्लांट होतं, साडेतीन लाख जास्त लागतील, कॅन्सरची एकही पेशी परत जाणार नाही. भाऊ म्हणतो कर्ज काढू.

खरंच असं गाळून देता येतं का? येत असेल तर सगळीकडे का देत नाहीत?

चकली | सोमवार, रात्री ११:४१

बाबांना शुभेच्छा गं. माहिती शून्य, पण विरजणाचा प्रश्न जबरदस्त आहे. वाचतेय.

कोकणी_फणस | मंगळवार, सकाळी ७:०५

उत्तर सोपं आहे. खर्च वाचवायचा असतो. आपल्याकडे पेशंटला कोण विचारतो?

लॅबवाली | मंगळवार, रात्री ९:५०

रानपाखरू, मी एका ट्रान्सप्लांट सेंटरच्या स्टेम सेल लॅबमध्ये काम करते. कुठल्या ते विचारू नका. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण पिशवीबद्दल मी बोलू शकते. दिवसभर तीच हातात असते.

आधी सरळ उत्तर. बाबांच्या पिशवीत मायलोमाच्या पेशी असू शकतात. खोटं कशाला सांगू.

चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन स्टेम सेल मज्जेतून रक्तात उतरवतात. मग ॲफेरेसिसच्या यंत्रावर चार-पाच तास बसायचं. एका सुईतून रक्त जातं, यंत्र हवा तो थर काढून घेतं, बाकीचं रक्त परत अंगात. वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख स्टेम सेल मिळाव्या लागतात. यंत्राला मात्र स्टेम सेल ओळखता येत नाही. ते वजनाप्रमाणे थर वेगळे करतं, इतकंच. त्यामुळे पिशवीत बहुतांश इतर पांढऱ्या पेशीच असतात आणि त्या गर्दीत चार चुकार मायलोमाच्याही येतात.

त्या काढता येतात का? येतात. या कामाला पर्जिंग म्हणतात. आता ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसलात असं समजा. एक तर खडे वेचून टाकायचे. कॅन्सरच्या पेशीला चिकटणारी अँटीबॉडी घ्यायची, तिला सूक्ष्म लोहमणी जोडायचा आणि पिशवी चुंबकाजवळून न्यायची. खडे चुंबकाला चिकटतात, तांदूळ पुढे जातो. हे एकसारख्या आकाराचे मणी नॉर्वेत ट्रॉनहाइमला जॉन उगेलस्टाड या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तयार झाले. १९८४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ते वापरून न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांचा मज्जातंतूंचा कॅन्सर) झालेल्या मुलांच्या मज्जेतून गाठीच्या पेशी ओढून काढल्याचं छापलं.

दुसरी तऱ्हा उलटी. खड्यांकडे बघायचंच नाही, तांदळाचा दाणा न् दाणा उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवायचा. स्टेम सेलवर सीडी३४ नावाची खूण असते, मायलोमाच्या पेशीवर ती नसते. मग सीडी३४वाल्या तेवढ्या उचला. मायलोमात मुख्यतः हेच करून बघितलं गेलं.

पिशवीतच औषध घालायचीही एक पद्धत होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटची मज्जा सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधाच्या एका भावंडात भिजवून मग परत द्यायचे. त्यात चांगल्या पेशीही मार खायच्या आणि काउंट वर यायला फार दिवस लागायचे.

आता साडेतीन लाखांचा मुद्दा. मायलोमाच्या १९० पेशंटवर ही चाचणी झाली, निकाल २००१ मध्ये आला. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एकाला निवडलेल्या पेशी, दुसऱ्याला जशा निघाल्या तशा. निवडलेल्या पिशव्यांतला मायलोमा हजारपटीहून जास्त कमी झाला होता. लॅबचं काम फत्ते. आणि पेशंट? आजार उलटण्यात फरक नाही, आयुष्यात फरक नाही.

कारण हिशेबात आहे. आकडे समजावण्यापुरते घेते, बाबांचे नाहीत. आजार भरात असताना अंगात एक लाख कोटी कॅन्सरपेशी असू शकतात, वजनात साधारण किलोभर. औषधांनी त्यातल्या ९९.९ टक्के मेल्या तरी १०० कोटी उरतात, म्हणजे ग्रॅमभर. रिपोर्ट तेव्हा छान दिसू लागतो. पिशवीत समजा १००० कोटी पेशी आहेत आणि दर दहा हजारांत एक वाईट आहे. म्हणजे १० लाख. शंभर कोटींपुढे दहा लाख. त्या दहा लाखांचे तुम्ही हजार केलेत, पण मेल्फालॅनला पुरून उरलेल्या अंगात आहेतच.

आणि दाणे उचलताना पिशवीतल्या टी-सेल बाहेर राहतात. त्याच तर जंतूंशी लढतात. अशा पेशंटमध्ये विषाणूंचा त्रास, विशेषतः सीएमव्हीचा, वाढल्याचं दिसलं. काही स्टेम सेलही वाया जातात, ज्या आधीच मोजून मापून मिळालेल्या असतात.

फणसराव, हे यंत्र खर्चिक आहे हे खरं. पण मायलोमात ते मागे पडलं ते खर्चामुळे नाही. फायदाच दिसला नाही.

शिवारातला | बुधवार, सकाळी ६:३०

ताईंचं वाचून गाजरगवत आठवलं. बियाणं कितीही चाळून आणा, वावरात मागच्या पाच वर्षांचं गाजरगवताचं बी पडलेलंच असतं. पहिल्या पावसाला तेच वर येतं. पिशवी चाळण्यापेक्षा वावर साफ करायला खर्च करा.

लॅबवाली | बुधवार, सकाळी ८:१०

शिवारातला, मी एवढं मोठं लिहिलं ते तुम्ही तीन ओळींत उरकलंत. :)

डॉ_एकतारी | बुधवार, रात्री १०:३५

रक्तविकारांचा डॉक्टर आहे, आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर. लॅबवालीताईंचा निष्कर्ष मायलोमापुरता मान्य. पण 'पिशवीचा दोष नसतोच' असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहितो.

आमच्या उमेदवारीत हा फार जिव्हाळ्याचा वाद होता. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट केलं ते दात्याच्या मज्जेचं. दात्याला कॅन्सर नसतो, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. उलट दात्याच्या पेशी उरल्यासुरल्या कॅन्सरवर हल्लाही करतात. स्वतःच्या मज्जेला हे दोन्ही फायदे नाहीत. मग आजार उलटला की आम्ही एकमेकांना विचारायचो, हा अंगातून उलटला की पिशवीतून?

१९९१ मध्ये बॉस्टनच्या डाना-फार्बरमधून एक निबंध आला. लिम्फोमाचे, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचे, ११४ पेशंट. मज्जा अँटीबॉडीने धुतली आणि मग पीसीआरने तपासली. पीसीआर तेव्हा नवलाई होती, कोविडमुळे घराघरात गेलं ते नंतर. साधारण निम्म्यांची मज्जा स्वच्छ निघाली, निम्म्यांची धुऊनही नाही. ज्यांची स्वच्छ झाली त्यांच्यात आजार कितीतरी कमी उलटला. आम्ही हुरळून गेलो होतो. पण शांतपणे बघा. ज्यांची मज्जा धुऊनही स्वच्छ होईना, त्यांच्या अंगातच आजार जास्त आणि चिवट असेल, नाही का? मग मळकी पिशवी हे कारण की लक्षण? तिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, त्यामुळे त्या निबंधातून हे कळायला मार्ग नव्हता.

खरी कमाल मेम्फिसच्या सेंट ज्यूडमध्ये झाली. लाचलुचपतवाले नोटांना पावडर लावून देतात ना, तसं त्यांनी ल्युकेमियाच्या मुलांच्या मज्जेतल्या काही पेशींना एका निरुपद्रवी जनुकाची खूण लावली, विषाणूच्या मार्फत. मज्जा परत दिली. काही मुलांचा आजार दुर्दैवाने उलटला. तेव्हा ल्युकेमियाच्या पेशी तपासल्या तर त्यांच्यात ती खूण! हे १९९३ मध्ये छापून आलं. पुढे न्यूरोब्लास्टोमात तेच दिसलं, ह्यूस्टनमध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातही दिसलं. म्हणजे पिशवीतल्या पेशी परत जाऊन रुजू शकतात, हे रंगेहाथ पकडलं गेलं.

अर्थात पावडरवाली नोट खिशात सापडली म्हणून आधीचे पैसे त्याने खाल्लेच नव्हते असं ठरत नाही. पिशवी दोषी आहे, पण एकटी दोषी आहे का, हे खूण लावून कळत नाही. त्यासाठी ताईंनी सांगितली तशी चाचणीच लागते. युरोपात फॉलिक्युलर लिम्फोमात अशी एक छोटी झाली, २००३ मध्ये छापली गेली. नुसत्या केमोपेक्षा ट्रान्सप्लांट सरस निघालं, धुतलेलं आणि न धुतलेलं यांत मात्र ठळक फरक नव्हता.

बाबांचा विरजणाचा प्रश्न माझ्या पाहण्यातल्या कित्येक रेसिडेंटांच्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

झेलम | गुरुवार, पहाटे ४:१५

मी न्यू जर्सीत असते. या विषयावर कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

२००४ मध्ये माझा मुलगा तीन वर्षांचा होता. न्यूरोब्लास्टोमा, चौथी स्टेज. दोन केमोनंतरच त्याच्या स्टेम सेल काढायच्या होत्या आणि तेव्हा आम्हाला एका चाचणीचा कागद दिला. अर्ध्या मुलांच्या पेशी चुंबकाने साफ करणार, अर्ध्यांच्या नाही. कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. आम्ही सही केली. आमच्या वाट्याला 'नाही' आलं.

नवरा शांत होता. मी नव्हते. आईला 'तुमच्या मुलाच्या पेशी साफ न करता देणार' हे वाक्य कसं ऐकू येतं, ते मी इथे लिहू शकत नाही. कोऑर्डिनेटरला मी सरळ म्हटलं होतं, तुझ्या मुलाला दिलं असतंस का असं? ती म्हणाली, मला माहीत असतं काय चांगलं, तर ही चाचणीच नसती. तेव्हा ते उत्तर फार कोरडं वाटलं.

२०१३ मध्ये निकाल छापून आला. जवळपास पाचशे मुलं होती. पाच वर्षांनी आजार न उलटलेली मुलं साफ केलेल्या गटात ४० टक्के, साफ न केलेल्यात ३६. आकडेशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही असं त्यात लिहिलं होतं. नऊ वर्षं मी मनात एक चिठ्ठी धरून बसले होते, ती त्या दिवशी सोडली.

मुलगा आता बावीसच्या पुढे आहे. कानाला मशीन आहे, केमोतल्या सिसप्लॅटिनची देणगी. रानपाखरू, 'गाळल्या नाहीत म्हणून' असं कधी मनात आलं, तर इथे येऊन लिही, मी आहे.

चकली | गुरुवार, सकाळी ९:००

झेलम, ❤️

पेशीपुराण | गुरुवार, दुपारी २:२०

सगळ्यांनी मिळून पर्जिंगला मूठमाती दिलीच आहे, तर दुसरी बाजू मांडतो. मी संशोधनात आहे, हा आमच्या कँटीनमधला आवडता वाद.

स्टॅनफर्डमध्ये १९९६ ते १९९८ या काळात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या २२ बायकांना फार काटेकोरपणे निवडलेल्या स्टेम सेल दिल्या. नुसतं सीडी३४ नाही, आणखी एक खूण जुळवून. बारा वर्षांहून जास्त काळाने पाहिलं तर २२ पैकी ५ हयात होत्या. त्याच ठिकाणी न निवडलेल्या पेशी मिळालेल्या ७४ जणींपैकी ७.

कोकणी_फणस: तेवीस टक्के आणि नऊ टक्के! मग हे का नाही सांगत कोणी?

फणसराव, तुम्ही हे लिहिणार हे माहीत होतं म्हणून मीच लिहून टाकलं. :) पाच आणि सात माणसांवर टक्केवारी उभी आहे. इथेही चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये ट्रान्सप्लांट हा प्रकारच नंतर बंद पडला. मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही आणि ज्या एका दक्षिण आफ्रिकी संशोधकाचे निकाल झळाळत होते, त्याने ते बनावट केल्याचं २००० मध्ये उघड झालं. म्हणून मी 'सिद्ध झालंय' म्हणत नाही. 'अर्धवट निवडणं आणि पूर्ण निवडणं यांत फरक असेल का' हा प्रश्न अजून जिवंत आहे, एवढंच.

दुसरं, एका पेशीने काय होतं याचा अलीकडचा पुरावा. पेनसिल्व्हेनियात एका तरुणाला कार-टी उपचार दिले. त्याच्याच टी-सेल काढून, कॅन्सर ओळखायला शिकवून परत द्यायच्या. बनवताना त्या गर्दीत ल्युकेमियाची एक, फक्त एक पेशी शिरली आणि टी-सेलला द्यायचं जनुक तिलाही मिळालं. त्यामुळे तिची ओळखीची खूण झाकली गेली. सैनिकांचा गणवेश चोरालाच मिळाला म्हणा. नऊ महिन्यांनी आजार उलटला तो त्या एकीच्या वंशजांचा. २०१८ मध्ये हे छापलं गेलं. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटांनी मिळून केलेल्या नेक्सकार१९ला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा हा विषय आता आपल्याही लॅबमधला आहे.

आणि एक गंमत. मिक्सोमा नावाचा सशांचा विषाणू आहे, ऑस्ट्रेलियाने १९५० मध्ये सशांचा सुळसुळाट थांबवायला सोडला तोच. माणसाला तो काही करत नाही. फ्लोरिडातल्या संशोधकांना दिसलं की माणसाच्या मज्जेत तो मिसळला तर ल्युकेमियाच्या आणि मायलोमाच्या पेशी मरतात आणि चांगल्या स्टेम सेल तशाच राहतात. हे परीक्षानळीत आणि उंदरांत. रानपाखरू, कोणी मध्यस्थ उद्या ससा घेऊन आला तर पैसे देऊ नकोस.

कोकणी_फणस | गुरुवार, संध्याकाळी ६:४८

बरं, शस्त्रं खाली ठेवली. पण एक सांगा, ही यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचं काय झालं? त्यांनी गप्प कसं बसू दिलं?

पेशीपुराण | गुरुवार, रात्री ८:०५

अवांतर होईल, पण किस्सा भारी आहे. सीॲटलजवळ सेलप्रो नावाची कंपनी होती. १९९६ मध्ये तिच्या प्रमुखालाच, रिक मर्डॉकला, मँटल सेल लिम्फोमा झाला. कंपनीच्या लोकांनी धावपळ करून स्वतःचंच तंत्र त्याच्यासाठी सुधारलं आणि त्याच्या पेशी साफ करून त्याला दिल्या. दुसरीकडे सीडी३४च्या पेटंटवरून जॉन्स हॉपकिन्सशी कोर्टात लढाई चालू होती. माणूस सावरला, कंपनी खटला हरली आणि १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. सीडी३४ निवडणारी यंत्रं अजून आहेत, पण आता मुख्यतः दात्याच्या पेशींसाठी, टी-सेल कमी करायला. जो तोटा होता तोच तिथे उपयोगी पडतो.

रानपाखरू | शनिवार, रात्री १०:१५

सगळ्यांना काय म्हणू. झेलम, तुझा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. तो उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने येऊन म्हणाला, कर्जाचं राहू दे.

मध्यस्थाला मी एकच विचारलं, मायलोमात याने आयुष्य वाढल्याची चाचणी दाखवा. त्याने एका 'हॅपी पेशंट'चा व्हिडिओ पाठवला. मग फोन उचलला नाही.

काल डॉक्टरांकडे पहिला नंबर लावून गेलो. ते या वेळी नीट बोलले. म्हणाले, आम्ही गाळणी पिशवीला लावत नाही, माणसाला लावतो. पेशी काढायच्या आधीच चांगली औषधं देऊन आजार जितका खाली नेता येईल तितका न्यायचा, पिशवी आपोआप स्वच्छ होत जाते. बाबांची मज्जा तपासली, फ्लो सायटोमेट्री नावाच्या तपासणीत लाखात एक पेशीपर्यंत बघतात म्हणे, त्यात काही सापडलं नाही. ट्रान्सप्लांटनंतरही लेनालिडोमाइडची गोळी चालू राहील, म्हणजे वावरातली खुरपणी. (शिवारातला, हे बाबांचं वाक्य.)

बाबांना विरजणाचं उत्तर दिलं, की दूध नासलेलं नाही, त्यात चार माश्या पडल्यात. ते म्हणाले, मग माश्या काढा की! पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

लॅबवाली, एक शंका. आमच्याकडे पेशी गोठवणार नाहीत, नुसत्या फ्रीजमध्ये ठेवणार म्हणाले. हे चालतं ना?

लॅबवाली | शनिवार, रात्री ११:०२

चालतं. मायलोमात आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असंच करतात. मेल्फालॅन अंगातून लवकर निघून जातं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशी देता येतात. तेवढा वेळ त्या ४ अंशांवर नीट टिकतात. गोठवायचं तर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणि डीएमएसओ नावाचं रसायन लागतं. पेशी चढवताना त्या रसायनाचा खोलीभर लसणासारखा वास सुटतो. तुमची त्यातून सुटका.

एक काम मात्र करा. मेल्फालॅन चालू असताना तोंडात सतत बर्फ चघळायचा असतो, आधीपासून ते संपल्यानंतर थोडा वेळ. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि तोंड कमी येतं. बाबांना आधीच सवय करा. पहिल्या दहा मिनिटांनंतर सगळे वैतागतात.

रानपाखरू | रविवार, सकाळी ८:४०

बर्फाचा ट्रे लावला आहे, उकळून गार केलेल्या पाण्याचा. बाबा म्हणतात कोकम घाल त्यात.

लॅबवाली | रविवार, सकाळी ९:१२

वॉर्डातल्या सिस्टरना विचारा. घरी सरावाला घाला की!